वरून चौथं

इलियासच्या दुकानात दोन टीव्ही, एक कूलर,
कूलरात पाणी नाही.
कादराबादच्या गल्लीत, मिक्सर-दुरुस्तीच्या फळीमागं,
अर्ध्या तासाला वीस रुपये.

गेमची डिस्क कुठून आली, कुणालाच ठाऊक नाही.
सगळी अक्षरं जपानी,
नुसती काड्याकाड्यांची घरटी.
म्हणून लढणाऱ्यांची बारशी आम्हीच केली:
पांढरकेश्या, बिनबाह्या, छत्रीवाली,
आणि एक डोळा झाकलेला तो मुनीम,
कारण मारायच्या आधी तो
हिशोब जुळवल्यासारखा थांबतो.

मोडसुद्धा जागेवरून ओळखायचे.
वरून पहिलं गोष्टीचं.
त्यात मी कधीच हरलो नाही.
कुणाचं तरी गाव जळतं, कुणीतरी रडत शपथ घेतं,
मी बटण दाबून रडणं पुढं पळवतो.
राक्षस मरतोच शेवटी,
मरायलाच लिहिलाय त्याला.

दुसऱ्यात एक पडला की दुसरा येतो,
दुसरा पडला की तिसरा,
आपली हिरवी पट्टी मात्र भरून येत नाही.
ते मी खेळत नाही.
डबल शिफ्टला मिलमध्ये तेच असतं.

तिसरं सरावाचं. समोर एक जण नुसता उभा.
हाणा, पडतो. उठतो. हाणा.
पोरं त्याला हेल्पर म्हणतात.

मी क्रेनवर असतो. हातात दोन दांडे,
खाली लालभडक बिलेट,
त्याच्याही खाली माणसं.
अर्धं बोट चुकून चालत नाही तिथं.
म्हणून वाटायचं, या बटणांचं काय एवढं.
खाली, तिरपं, पुढं, मुक्का:
पांढरकेश्याच्या तळव्यातून वीज निघते
आणि तो जीव खाऊन ओरडतो काहीतरी,
आम्हाला ऐकू येतं, "शेंगा दे गंऽऽ!"
अख्खी गल्ली त्याच्यासोबत शेंगा मागते.

सुमय्या इलियासची. सातवीत.
चौथ्यावर, आमनेसामने, ती छत्रीवाली घेते,
जिला कुणीच घेत नाही.
छत्री उघडते आणि बसते.
मी वीज सोडतो. छत्री.
लाथ. छत्री.
हवेतून गिरकी घेऊन टाच. छत्री.
नव्याण्णव सेकंद उलटे मोजत खाली येतात,
माझी एक लाथ हवेत वाया जाते,
तेवढ्यात छत्रीचं टोक, एकदाच, गुडघ्यावर.
पुन्हा छत्री.
वेळ संपते तेव्हा तिची पट्टी
माझ्याहून नखभर मोठी.

"ही काय लढाई झाली का?"
"कामून? मार नाही खाल्ला, हे कमी झालं का काका?"

तालमीत मला ढाक शिकवली होती, कलाजंग शिकवली होती.
मागच्या पायावर वजन घेऊन
नुसतं उभं कसं राहायचं,
ते काही आठवत नाही.

बुधवारी तिसरा राउंड, अकरा सेकंद उरले,
आणि लाइट गेली.
कूलरचा पंखा घरघरत थांबला.
काळ्या काचेत आमची दोन तोंडं, मग तीही नाहीत.
मी म्हणालो, जाऊ दे, बरोबरी.
ती अंधारातून बोलली,
"नाही काका. तुमची जास्त होती. एवढी."

एवढी म्हणजे केवढी, दिसलं नाही.
चिमूट वर केली असेल तिनं.
माझं तर पट्टीकडं लक्षच नव्हतं,
मी विजेची बटणं जुळवत होतो.

लाइट आली तासाभरानं. सेव्ह काहीच नाही.
परत काड्यांची घरटी, परत पहिल्यापासून.
मी चौथ्यावर गेलो
आणि माझीही छत्रीवाली घेतली.
एकच दोघांनी घेतली की रंग बदलतो:
तिची लाल, माझी जांभळी.

छत्र्या उघडल्या. बसलो.
नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
शेंगा कुणी मागितल्या नाहीत.
पंचेचाळिसाला इलियास फळीमागून उठून आला,
टीव्हीच्या पाठीवर थाप मारली,
"हँग झाला वाटतं," म्हणाला.